सुनेचा कागद

विश्वास देशमुखच्या कोटाच्या खिशात आयर्लंडच्या घटनेची छोटी प्रत असायची. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. वादात तो तिच्यावर नुसता हात ठेवायचा, गळ्याशप्पथ म्हणताना लोक गळ्याला चिमटा काढतात तसा.

डब्लिनजवळच्या लिक्सलिपला आमच्या शेजारच्या घरात तो आणि त्याची पोलिश बायको कासिया राहत. मूळचा अमरावतीचा, इथे चिपच्या कारखान्यात इंजिनीअर. आयरिश नागरिक होऊन धड दोन वर्षं झाली नव्हती, पण 'आम्ही आयरिश' असं म्हणायचा, जणू इंग्रजांना डब्लिनमधून याच्या आजोबांनीच हाकललं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा द्रोण हातात धरून तो सुरू व्हायचा, "युरोपचा मोठा करार बदलायचा, तर आधी आमचं सार्वमत! आमची घटना म्हणजे घराचा उंबरठा. ब्रसेल्सच्या युरोपवाल्यांनी चपला बाहेर काढायच्या." टाळ्या पडत. वाजवणाऱ्यांतल्या अर्ध्यांनी घटना पाहिलेली नसे, उरलेल्यांना मसालेभाताची घाई असे.

कासिया नर्स होती. ती एवढंच म्हणायची, "ही'ज ग्रँड. लेट हिम टॉक." 'ग्रँड' म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'ठीक'.

मग त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, कायमचं इकडे आणायची वेळ आली. काकू अमरावतीत एकट्या, या दोघांच्या पैशावर अवलंबून. विश्वासने आयरिश नागरिक म्हणून ऐटीत अर्ज केला. नकार आला. वकीलबाईंनी समजावलं, की आयरिश माणसाच्या आईला आयर्लंडचे स्वतःचे नियम लागतात आणि ते कडक आहेत. कासिया मात्र दुसऱ्या युरोपीय देशाची नागरिक, इथे नोकरी करते. तिच्या घरावर अवलंबून असलेल्या सासूला युरोपचा कायदाच हक्क देतो. "अर्ज बायकोच्या नावाने करा."

"म्हणजे माझ्याच देशात माझ्या पासपोर्टने पाणी भरायचं?" तो आमच्या किचनमध्ये ओरडला. "ब्रसेल्सच्या मेहेरबानीवर नको!"

"विश्वास, आई तुझी आहे की घटनेची?" मी विचारलं.

त्याने उत्तरादाखल एका कलमाचा आकडा सांगितला. नंतर मी पाहिलं, तोही चुकीचा होता.

या तत्त्वापायी त्याने आठ महिने घालवले. त्या काळात काकू एका रात्री न्हाणीघरात घसरल्या आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हे कळल्यावर कासियाने त्याला काही विचारलं नाही. ड्यूटीवरून आली, गणवेशातच बसून अर्ज भरला आणि त्याच्यापुढे पेन ठेवलं. त्याने सही केली. रडत होता बिचारा, तरी म्हणालाच, "अंडर प्रोटेस्ट."

काही महिन्यांनी काकू आल्या. विमानतळावर मीही गेले होते. व्हीलचेअर बाहेर आली तसा विश्वास वाकून पाया पडला. "आई, आणलं की नाही तुला माझ्या देशात?"

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होत्या कासियाकडे. "तू कायचा आणतं बाप्पा! कागद त सुनेचा व्हता."

कासियाला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने हसत विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

विश्वासने माझ्याकडे पाहिलं. मी सामान मोजू लागले. शेवटी त्यालाच भाषांतर करावं लागलं.