आत्यानं शांत लिहिलेली गल्ली

...हो, तेच सांगतेय, पण तू मध्येमध्ये हसू नकोस, लिहायचा हात थांबतो तुझा. तर तुझी आत्या. लहानपणापासून भांडण तिला सोसायचंच नाही. दोघी मैत्रिणी भांडल्या की ही दोघींकडे जाऊन 'चुकलं' म्हणून यायची! आणि नोकरी लागली ती नेमकी भांडणं मोजायची.

म्हणजे कसं, ऊन वर्षागणिक वाढतंय, पाणी आटतंय, त्यानं कुठला देश किती डळमळतोय ते तिचं ऑफिस मोजतं. मी म्हटलं, "अगं, देशाचा ताप बघायला थर्मामीटर लावता तरी कुठं?"

"नळावर, आई. पाणी कमी पडलं की आधी शेजारी तुटतात. मग गल्ली, मग शहर. देश सगळ्यात शेवटी."

दारोदार जायची. पाण्यावरून भांडलात का, शेजाऱ्यावर भरवसा आहे का, घर सोडून जावंसं वाटतं का, असं विचारायची आणि फोनवर टिपायची. उन्हानं चपलेचा तळ सुटला, पण दार चुकवलं नाही.

मग आली आपली गल्ली. पाण्याच्या टाकीपाशी काय तमाशे चालले होते तेव्हा! हंड्याच्या नंबरावरून गल्लीतल्याच प्लंबरनं इस्त्रीवालीच्या नवऱ्याची गचांडी धरलेली. इस्त्रीवालीनं आत्याला सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. आणि आत्यानं काय लिहिलं? किरकोळ कुरबुर. म्हणे, घरचं भांडण चव्हाट्यावर कसं मांडायचं? जगभरचे लोक वाचणार, आपली माणसं अशी दिसायला नकोत.

झालं! गल्ली शांत ठरली. त्याच मोजणीवरून पालिका जास्तीचे टँकर देते, ते गेले दुसऱ्या वस्तीला. टाकीपाशी पुन्हा जुंपली आणि इस्त्रीवालीच्या नवऱ्याचा उजवा हात मोडला. इस्त्री फिरवायचा हात गं बाई.

तेव्हापासून आत्या घास तोंडाशी नेते आणि परत ताटात ठेवते. म्हटलं, "अगं, हात तू मोडलास का?"

"आई, तिनं मला सांगितलं होतं. तिला वाटलं, हिला सांगितलं म्हणजे पोचलं."

मी उठून तिचं ताट झाकून ठेवलं.

परवा साहेबांपुढे जाऊन कबूल केलं तिनं. ते चिडले, बोलू नये ते बोलले, शेवटी म्हणाले, पुन्हा मोज, लोकांनी दारात उभं केलं तर. सगळ्यांनी केलं हो, प्लंबरनंसुद्धा, मान खाली घालून. फक्त इस्त्रीवालीनं कडी काढली नाही. आतूनच म्हणाली, "एकदा सांगितलं ना तुला? काय केलंस त्याचं?"

आत्या तशीच माघारी आली. बरोबरच आहे तिचं, म्हणते. पण जिचं सगळ्यात जास्त गेलं तिच्याशिवाय मोजणी कशी पाठवायची? बसलीये अडून.

पेन ठेव आता आणि जा त्या इस्त्रीवालीकडे. सांग, आत्या उद्या येईल. माफ कर म्हणत नाही मी, ते तुझं तू बघ. पण तू बोलशील तेच आत्या तुझ्यासमोर लिहील, तुला वाचून दाखवील, मगच पाठवील. दार उघडवत नसेल तर खिडकीतून बोल, म्हणावं. पण बोल.