पालथ्या प्लेटा

पनवेलमध्ये माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून एका बाईंची पॅथॉलॉजी लॅब आहे. बाई माझ्याकडे चहाला आल्या की कप, पेला, हाताला लागेल ते पालथं घालून जातात. एकदा माझा भरलेला पेला थोडक्यात वाचला.

ही सवय लॅबमधली. जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटा इन्क्युबेटरच्या उबेत पालथ्याच ठेवायच्या असतात. सुलट ठेवल्या तर झाकणाला धरलेलं पाणी खाली ठिबकतं आणि सगळे जंतू एकमेकांत कालवले जातात. त्या इन्क्युबेटरचं दार कुणी मध्येच उघडलं, तर बाई खेकसतात, "बंद करा! फ्रिज वाटला का तो?"

आणि परवा बाईंनीच एक प्लेट सुलट ठेवली. नमुना होता उरणकडच्या एका बिल्डरच्या आईचा, आणि या रिपोर्टवर तिचं गुडघ्याचं ऑपरेशन अडलेलं.

"चूक माझी. नमुना पुन्हा आणा," बाई माझ्यासमोरच त्या बिल्डरला म्हणाल्या.

"म्याडम, उद्या आपरेशन हाय! अंदाजानं लिवा ना कायतरी."

"तुम्ही स्लॅब अंदाजानं टाकता का?"

मी या बिल्डरनेच बांधलेल्या इमारतीत राहतो, त्यामुळे उत्तर ऐकायला मी फार उत्सुक होतो.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. नवा नमुना देऊन गेलेला तो गृहस्थ संध्याकाळी पुन्हा लॅबच्या दारात उभा.

"म्याडम, या टायमाला पालथी ठेवली ना?"

आता स्फोट होणार म्हणून लॅबमधल्या बाकावर मी सावरून बसलो. बाई उठल्या आणि इन्क्युबेटरचं दार उघडून त्यांनी त्याला प्लेट दाखवली.