वलनी म्हणून सांगितलेला रॉड

घरगाडीतलं कपाट दुसऱ्यांदा पडलं तेव्हा आत पाहुणे नव्हते, तेवढंच बरं होतं. पाहुण्यांना जळगाव स्टेशनवर सोडून आमच्या शेजारचं जोडपं, कडूबा काका आणि आवडाबाई मावशी, रिकामी गाडी घेऊन शहराकडे परतत होते. फुलंब्रीच्या अलीकडे मागून धाडकन आवाज आला. कपाटातली फळी, तिच्यावरच्या उशा आणि खालचा कपड्यांचा रॉड, सगळं एकदम खाली आलं होतं.

घरगाडी हे नाव आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीनं ठेवलेलं. मालक तिला कॅराव्हॅन म्हणतात. टेम्पो ट्रॅव्हलरची लांब गाडी आहे. आत दोन पलंग, छोटा ओटा, संडास आणि मागच्या कोपऱ्यात कपडे टांगायचं अरुंद कपाट. बाहेरगावचे पाहुणे ती भाड्यानं घेतात, वेरूळ-खुलताबाद करतात, अजिंठ्यासाठी फर्दापूरला मुक्काम करतात. काका गाडी चालवतात. स्वयंपाक, अंथरुणं, भांडी आणि झाडलोट मावशींकडे. फेरी संपली की गाडी आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहते आणि मावशी पायरीवर बसून आधी गुडघे चोळतात. घराचं कुलूप त्यानंतर उघडतं.

संध्याकाळी मालक राजकुमारशेठ आले. त्यांनी दार उघडून आत पाहिलं आणि पडलेली फळी पायानं बाजूला सारली. पहिल्यांदा कपाट पडलं होतं तेव्हा त्यांनीच सुतार पाठवून लांब स्क्रू मारून घेतले होते.

"काका, हे काय चाललंय?" ते म्हणाले. "शनिवारी पाहुणे येणारेत. त्यांच्या नव्या साड्या, सूट यात टांगायचे. उद्या हे कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

"स्पीडब्रेकर दिसला नाय मला," काका म्हणाले. "गाडी जोरात आदळली."

मावशींनी झटकन त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी नजर मिळवली नाही.

"आणि सामानही जास्त होतंय," राजकुमारशेठ पुढे म्हणाले. "तुमचे डबे, तुमच्या पिशव्या, सगळं त्याच कपाटात. मावशी, तुम्ही आता आराम करा ना. गुडघे दुखतात तुमचे. मी एक माणूस देतो काकांसोबत."

"आराम म्हणजे घरी बसू?"

"तसं नाही. शनिवारच्या आत हे पक्कं करून दाखवा, मग बोलू. पण पुन्हा पडलं तर मावशी घरी. मला दुसरा इलाज नाही."

ते गेले. मावशी तिथंच पायरीवर बसून राहिल्या. मी डिप्लोमा केलाय, वाळूजच्या कंपनीत शीट मेटलच्या कामावर आहे, हे त्यांना माहीत होतं. मला हाक मारून त्या म्हणाल्या, "अपेक्षा, तू एवढी शिकली. तुला जमंल का गं हे?"

"जमेल मावशी. रविवारी आत शिरून माप घेते."

विचारताना मावशींचा आवाज दमलेला होता. आग्रहाचा अजिबात नव्हता. पण त्या गाडीतली जागा त्यांच्यासाठी काय आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. काका एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांची नोकरी बहुतेक मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी न्यायची, तिथंच झोपायचं, पहाटे परत फिरायचं. लेकरं लहान असताना, मोठी होताना, सासू आजारी असताना मावशी एकट्या. "माझा नवरा मला सकाळचा अंघोळीपुरता भेटायचा," असं त्या हसत सांगतात. काका निवृत्त झाले, घरगाडीवर लागले, तेव्हा मावशींनी हट्ट धरला की मी पण येणार. माहेर सिल्लोड तालुक्यातलं, अजिंठ्याचा डोंगर दारातून दिसायचा. पण लेणी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती या गाडीतून गेल्यावर. "त्या डोंगरावर ढग दिसला की आम्ही कापूस झाकायचो. एवढीच आमची वळख," त्या म्हणाल्या होत्या.

रविवारी मी कपाटात डोकं घातलं. कपाटाची एक भिंत म्हणजे संडासाला आडोसा म्हणून उभा केलेला पातळ प्लायचा पडदा, दुसरी म्हणजे आतून तसाच प्लाय लावलेली गाडीची बॉडी. रॉड दोन्हीकडे छोट्या वाट्यांत बसवलेला आणि त्या वाट्या नुसत्या स्क्रूवर. फळीला आधार म्हणजे खालून ठोकलेल्या दोन लाकडी पट्ट्या, खिळ्याऐवजी पिन मारलेल्या. लांब स्क्रूनं पातळ प्लाय काही जाड होत नाही. स्क्रू धरणार कशाला?

एक गोष्ट मात्र मला खटकली. स्क्रूची भोकं खालच्या बाजूनं फाटली होती, लांबट झाली होती. आणि रॉड मधोमध वाकला होता, धनुष्यासारखा. गाडी एकदा आदळली तर एका झटक्यात तुटतं. असं हळूहळू खाली ओढलं जात नाही.

"काका, यावर काय टांगलं होतं? शर्टांनी असा वाक येत नाही."

काका ओट्यावर हात टेकून उभे होते. "स्पीडब्रेकर म्हणलं ना."

"स्पीडब्रेकर नाय," मावशी पलंगावर बसून म्हणाल्या. "गोधड्या."

"आवडे, गप."

"काहून गप? पाहुण्याच्या बारक्यानं गादीवर केलं, दोन्ही गोधड्या ओल्या. फर्दापूरला नळावर धुतल्या. वरून पाऊस. बाहेर वाळत घालायचं तं राजकुमारशेठ म्हणतेत, मावशी, गाडीचा धोबीघाट करू नका, लोकं फोटो काढतेत. मग कुठं टाकू? वलनीवर टाकल्या."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी ते गिळलं. आमच्याकडच्या घरांत आढ्याला दोन दोऱ्यांनी बांबू आडवा टांगतात, ती वलनी. दिवसभराच्या गोधड्या, वाकळा, ओली धोतरं-लुगडी, सगळं तिच्यावर जातं. ती झुलते, कुरकुरते, पण सगळं वजन आढ्यावर जातं म्हणून पडत नाही. ओली गोधडी तर दोन माणसांनी धरूनच उचलावी लागते. अशा दोन, आणि पातळ प्लायमधले चार स्क्रू.

"मागच्या वेळी पण?"

"मागच्या वेळी एकच व्हती."

"पण मावशी, हा रॉड वलनी नाही ना."

"मग ह्यांना इचार!" मावशींनी काकांकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी गाडी दाखवली तव्हा मी इचारलं, ह्यो काय हाय आडवा? तर म्हणले, वलनीच हाय म्हण."

काका ओशाळले. "समजावं म्हणून म्हणलं. आता रॉड-रॉड काय सांगायचं तुला."

"आन मग स्पीडब्रेकर काहून सांगितला?"

काका खाली बघत वाकलेला रॉड हातात फिरवत राहिले. "गोधडीचं सांगितलं असतं तं त्यांनी तुला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. माझ्यावर येऊ दे म्हणलं. मला काय व्हतंय."

"काय व्हतंय? आख्ख्या नोकरीत ह्यांच्या गाडीला ओरखडा नाय. डेपोत नारळ देऊन सत्कार केला व्हता. आन आता म्हणे मला दिसत नाय."

"झालं ते झालं."

दोघंही दमले होते. भांडण तिथंच विझलं. मी माप घेऊन खाली उतरले.

फळीखाली लावायचा अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, कापून घ्यायला मी काकांसोबत सरदारभाईंच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले. सरदारभाई काकांचे जुने ओळखीचे, एसटीच्या दिवसांपासूनचे.

"क्या कडूबाभाई, गाडी में मांडव डाल रहे क्या? इत्ता अँगल?"

"मांडव नाय, वलनी."

"वलनी! तो भाभी को बोलो, हमारी भी दो चादरें सुखा दें."

काका हसले. त्या आठवड्यात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

काम असं केलं. संडासाच्या पडद्याला कपाटाच्या बाजूनं जाड प्लायचा चौकोन चिकटवला आणि आरपार बोल्ट घातले. पलीकडून नटाखाली वायसरच्या रुंद चकत्या लावल्या, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. बॉडीच्या बाजूला चुंबक फिरवून आतली लोखंडी बरगडी शोधली आणि तिच्यातच स्क्रू घेतले. फळीखाली तिन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा अँगल, समोरच्या कडेला चौकोनी पाइप, म्हणजे फळी मधे झुकत नाही. रॉड नवा, जाड पत्र्याच्या नळीचा. आणि त्याच्या मध्यावर फळीखालच्या पाइपाला जोडणारी एक पट्टी. वजन तीन ठिकाणी वाटलं गेलं. प्रत्येक नटावर लॉक वायसर, कारण चालत्या गाडीत नट आपोआप सैल होतात.

मावशी मधून मधून चहा आणून द्यायच्या आणि पलंगावर लवंडायच्या. एकदा मला वाटलं झोपल्या. पण डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "अपेक्षा, एवढं करून बी ठेवतील का गं मला?"

"पडणार नाही मावशी आता."

"पडायचं नाय इचारलं मी."

मी पुढचा नट आवळायला घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी राजकुमारशेठ आले. त्यांनी रॉडला दोन्ही हातांनी धरलं, पाय थोडे उचलले आणि लोंबकळले. रॉड हलला नाही. फळीवर कोपर टेकून दाब दिला. पडद्यामागे जाऊन बोल्ट बघितले.

"मस्त झालंय," ते मला म्हणाले. मग काकांकडे वळून जरा अवघडून बोलले, "काका, एक सांगायचं राहिलं. उद्याच्या फेरीला मी दुसरा ड्रायव्हर बोलावलाय. तुम्ही म्हणालात ना, स्पीडब्रेकर दिसला नाही. राग मानू नका. पाहुण्यांचा जीव असतो. तुमचे डोळे तपासून घेऊ, मग बघू."

काका गाडीला टेकले. मावशींच्या जागेसाठी त्यांनी जे खोटं पुढे केलं होतं, त्यानं त्यांचंच स्टेअरिंग काढून घेतलं होतं.

"डोळ्याला काय झालं नाय त्यांच्या," मावशी आतून म्हणाल्या. पायरी उतरायला त्यांना वेळ लागला. दाराची कड धरून एक पाय, मग दुसरा. "गोधड्या मी टाकल्या व्हत्या त्या रॉडवर. ओल्या. दोन्ही टायमाला. ते बोलले मला वाचवायला. आता मला घरी बसवा, पण त्यांच्या गाडी चालवण्याला नाव ठेवू नका."

राजकुमारशेठ त्यांच्याकडे वळले. "ओल्या गोधड्या? कपाटात?"

"मग? पोरानं ओली केलेली तशीच पुढच्या पाहुण्याला देऊ?"

"अहो मावशी, सांगायचं ना मला!"

"सांगायला गेलं का तुम्ही म्हणता धोबीघाट नको."

राजकुमारशेठ कपाळावर हात मारून हसले, पण ते हसणंही थकलेलंच होतं. त्यांच्या चार गाड्या आहेत आणि रोज कुठल्या तरी गाडीचं काहीतरी तुटतं. त्यांनी खिशातून फोन काढला, दुसऱ्या ड्रायव्हरला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "काका, डोळे तरीही तपासायचे. माझ्या समाधानासाठी. मावशी, तुम्ही या. पण गोधड्या येणार नाहीत. पांढऱ्या चादरी, लॉन्ड्रीत जातील आणि येतील."

मावशींच्या त्या गोधड्या जुन्या लुगड्यांच्या होत्या, स्वतः शिवलेल्या. पाहुणे त्यांचे फोटो काढायचे, विकत मागायचे. मावशी गाडीत वर गेल्या, दोन्ही घड्या घेऊन आल्या आणि आवाज ऐकून बाहेर आलेल्या माझ्या आईच्या हातात दिल्या.

"ठेव तुझ्याकडं. वाळल्यात."

"वाईट वाटलं का हो?" आईनं विचारलं.

"कशाचं वाईट. धुवायचा ताप गेला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण उघड्यावर झोपल्यागत वाटंल आता."

सकाळी मी कामाला निघाले तेव्हा गाडी सुरू होती. काका स्टेअरिंगवर होते. मावशी पायरीपाशी उभ्या, एक हात दाराला, दुसरा माझ्या खांद्यावर. त्यांना वर चढवायला मला जोर लावावा लागला. आत जाऊन त्या ओट्याजवळच्या छोट्या सीटवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"बसलीस का?" काकांनी पुढून विचारलं.

"बसले. घ्या."

गाडी वळून रस्त्याला लागली. मागच्या काचेतून दिसलं, मावशींनी डोकं खिडकीला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते.