नटवलेल्या यादीपायी चुकलेली बस

धर्माबादच्या मिरची बाजारासाठी मी कॉम्प्युटरवर आवकेची यादी बनवली आणि ती नवरीसारखी नटवली, हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा. ओली मिरची निळ्या रंगात, वाळलेली लाल, वजन झालेली हिरवी. तेव्हा केस काळे होते आणि डोक्यात हवा लई होती.

घरी दहा ओळींवर यादी झकास चालली. बाजारात नोंदी हजारो. यादी जरा सरकवली, की पडद्यावरचा प्रत्येक चौकोन आपला रंग विचारायला त्या सगळ्या नोंदी नव्यानं चाळून यायचा. तोवर पडदा गप्प.

बिलोलीकडची एक मावशी वजनाला आपला कितवा नंबर, ते विचारत उभी होती. तिला शेवटची बस गाठायची होती. मी माउस आपटत राहिले आणि बस गेली.

मग मी रंग नोंद करताना आणि वजन झाल्यावर, तेवढाच ठरवून ठेवला. यादी पळायला लागली. पुढच्या बाजाराला मावशीला तोऱ्यात दाखवलं, बघा, रंग तेच, पण आता कशी पळते!

मावशी म्हणाली, "माझी मिरची वली हाय का वाळेल, ते मला घरूनच ठाऊक हाय, बाई. तू निस्ता नंबर सांग."