हुंगणी मावशी आणि वाळती रांग

"बादलीत काय आहे?"

"पाणी. बादलीत आणखी काय असतं, मावशी?"

"ते तुम्ही सांगायचं. मी विचारतेय."

"पायरी धुतली, त्याचं पाणी. मी रोज धुतो, तुम्ही रोज विचारता."

"आणि नेमकं झाडाच्या बुडाशीच ओतता."

"मग काय स्वतःच्या डोक्यावर ओतून घेऊ?"

"ओता की. तेजाब असलं तर लगेच कळेल."

चष्मेवाल्याने बादली खाली टेकवली आणि हात कमरेवर ठेवले. मावशी वाकली, पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगलं. साबण होता. साबणाच्या आड काही दडलंय का म्हणून तिने बोट पुन्हा हुंगलं.

"आज साबण आहे," ती म्हणाली. त्यातल्या 'आज'वर तिने असा भार टाकला की चष्मेवाल्याच्या कपाळाला आठी पडली.

ही बाई नगरपालिकेच्या झाडखात्यात मुकादम. रस्त्याकडेची झाडं लावून घ्यायची, जगवायची, छाटून घ्यायची, हे तिचं काम. झाडांना त्रास देणाऱ्याला हुडकून काढायचं, हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते तिनेच अंगावर ओढून घेतलं होतं. तोंडावर सगळे मावशी म्हणत. पाठ वळली की हुंगणी. माती हुंगणार, पाणी हुंगणार, सकाळी कामावर आलेल्या टँकरवाल्याचं तोंडसुद्धा हुंगणार. तिला ते नाव माहीत होतं. कुणी पाडलं, त्याचाही तिला संशय होता.

हा गुण तिला वखारीतून मिळालेला. बापाची जळाऊ लाकडांची वखार होती. मोळी आणणारे लोक वरून खडखडीत वाळकी लाकडं लावायचे आणि मोळीच्या पोटात ओली भरायचे, काट्यावर जड भरावी म्हणून. बाप भोळा. कुणी 'राम राम' म्हटलं की मोळी न सोडता काट्यावर चढवायचा. आईने मग पोरीलाच काट्यापाशी बसवलं. ओल्या लाकडाला एक आंबूस वास असतो, तो पोरीच्या नाकात असा बसला की पुढे तिने आयुष्यात कशाचंच वरचं लाकूड खरं मानलं नाही. लग्न झालं, नवरा पालिकेच्या टँकरवर होता. तो छातीत कळ येऊन गेला, तेव्हा डॉक्टरने सांगितलेलं कारण तिने दुसऱ्या डॉक्टरकडून पडताळून घेतलं आणि मगच रडली. त्याच्या जागेवर ती झाडांना पाणी घालायला लागली. केस पिकायला लागले तेव्हा मुकादम झाली.

दुकानांच्या रस्त्यावरची नीलमोहराची रांग तिने लावलेली. खड्डे तिच्यासमोर खणले, खत तिच्यासमोर पडलं, आधाराचे बांबू तिने स्वतः हलवून बघितले. झाडं मनगटाएवढी झाली, जरा सावली धरायला लागली, आणि मग एकेक करून वाळायला लागली. आधी पानं पिवळी, मग शेंडा वाळका, मग नुसती काठी. एक गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याने मान टाकली.

झाडखात्याचे साहेब तरुण होते आणि सदा घाईत असायचे. गाडीच्या खिडकीतूनच त्यांनी रांग बघितली.

"मावशी, आणखी एक वाळलं तर ही रांग मी उपटतो. फरशी बसवून टाकू. दुकानवाले गाड्या तरी लावतील."

"साहेब, झाडं मरत नाहीयेत, मारतंय कुणीतरी."

"कोण?"

"चष्मेवाला. त्याची पाटी झाडाआड जाते. मागे अर्जही केला होता त्याने फांद्या तोडा म्हणून. रोज सकाळी बादली ओततो."

"पुरावा आणा. मी त्याला सोमवारी ऑफिसात बोलावतो. सिद्ध झालं तर दुकानाला टाळं."

साहेबांनी मनावर घेतलं याचं मावशीला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिने टँकरवाल्याचं तोंड हुंगलं नाही.

पुराव्यासाठी तिने रस्ता पिंजून काढला. आइस्क्रीमच्या गाडीवाला डब्याभोवतीचं खारं पाणी कुठे ओततो ते बघितलं. तो गटारात ओतायचा. गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या डब्यातलं रॉकेल हुंगलं. खोडांना कुणी गिरमिटाने भोक पाडलंय का, ते गुडघ्यापासून हात पोचेल तिथवर चाचपलं. आळ्याच्या कडेची माती चिमटीत घेऊन जिभेलासुद्धा लावली. काही नाही. काहीच सापडत नाही याचा अर्थ तिच्या हिशेबी एकच होता, की करणारा पक्का आहे.

एक माणूस मात्र तिच्या नाकाच्या टप्प्यात कधीच आला नव्हता. तिचा जावई.

दोन वर्षांपूर्वी तिनेच शब्द टाकून त्याला खात्यात चिकटवलं होतं. रस्त्याकडेचं गवत कापायचं काम. यंत्र खांद्याला अडकवायचं, त्याच्या टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरते आणि गवत भुईसपाट होतं. माणूस मोठा सरळ. सांगितलेलं मान खाली घालून ऐकणार, सांगितलं त्याहून जास्त करणार. आता बघा, मुकादम सासू आणि हाताखाली जावई, ही जोडी म्हणजे चालत्या गाडीतलं मडकं, फुटायला वेळ लागत नाही. मावशीने त्यावर तोड काढली होती. बाकीच्यांना ती 'ए, इकडे ये' म्हणायची, याला 'अहो जावईबापू'. बाकीच्यांचं काम दोनदा तपासायची, याचं लांबूनच बघून मान डोलवायची. चार माणसांत जावयाच्या कामात बोट घालायचं म्हणजे लेकीच्या संसारात बोट घालणं. आणि काम तसं लांबून देखणंच दिसायचं. झाडाच्या बुडापर्यंत एक काडी उभी नाही, आणि कापलेलं गवत बुंध्याभोवती टोपलीसारखं रचलेलं. ओल टिकावी म्हणून तसं रचायला मावशीनेच शिकवलं होतं. बुंध्याला लागून पातं उभं दिसलं की तिला उंदराचा संशय यायचा, म्हणून अगदी खोडापर्यंत कापायलाही तिनेच सांगितलं होतं.

मग यंत्र बिघडलं. दुरुस्तीला गेलं ते तिकडेच अडकलं. रस्त्याकडेला गवत माजलं, बुंध्याभोवतीचं जुनं गवत कुजून खाली बसलं.

शनिवारी सकाळी मावशी त्या पहिल्या वाळलेल्या झाडाशी उभी होती. चष्मेवाल्याची बादली अजून यायची होती. नजर सहज खाली गेली तर कुजक्या गवतातून दोन कोंब वर आलेले. हिरवेगार, बोटभर.

ती तिथेच फतकल मारून बसली. खाली तेजाब ओतलं असतं तर आधी मूळ मरायला हवं. मूळ मेलं तर हे कोंब कुठून आले? वरचं मेलंय आणि खालचं जिवंत आहे. म्हणजे जे काही झालंय ते मधेच कुठेतरी झालंय.

तिने गवताचा थर दोन्ही हातांनी बाजूला केला. घोट्याच्या उंचीवर खोडाला चारही बाजूंनी साल नव्हती. बांगडी उतरवल्यावर मनगटावर वळ दिसावा तसा गोल पट्टा. आतलं लाकूड उघडं, काळपट, आणि त्यावर बारीक बारीक चरे. कुणी चाकूने काढलेली साल अशी नसते. चाकू एकदा फिरतो. हे पुन्हा पुन्हा, थोडं थोडं, चाटून चाटून नेलेलं होतं.

ती उठली आणि दुसऱ्या झाडाकडे गेली. तोच पट्टा, बुडाशी तसेच कोंब. तिसऱ्यालाही तेच. जी हिरवी होती त्यांचंही गवत उचललं. कुणाची अर्धी साल गेलेली, कुणाची पाव. झाडाचा रस सालीतून फिरतो, म्हणून शिल्लक सालीच्या तेवढ्या पट्टीवर झाड जीव धरून होतं.

"आज बादली नाही तपासायची?" चष्मेवाल्याने पायरीवरून विचारलं.

मावशीने बादलीकडे वळूनही बघितलं नाही. त्यामुळे चष्मेवाल्यालाच संशय आला आणि त्याने बादली परत आत नेली.

संध्याकाळी ती लेकीकडे गेली. जावई अजून आला नव्हता. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशीने सगळं सांगितलं. लेकीच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे ह्यांनी मारली झाडं?"

"यंत्राच्या दोरीने सोलली. त्यांना कळलंही नसेल."

"आणि तुला? तू माझ्या पिठाच्या डब्यात हात घालून कीड बघतेस. मी आजारी पडले तर थर्मामीटर उलटा करून बघतेस. ह्यांच्या कामातली एक काडी उचलून बघावीशी वाटली नाही तुला?"

"जावई आहेत ते."

"माझा नवरा आहे. तुझा देव नाही."

 आपलेच दात, आपलेच ओठ, मावशीच्या मनात आलं.

"साहेबांना सांगणार?" लेकीने आवाज खाली आणून विचारलं.

"नाही सांगितलं तर सोमवारी चष्मेवाल्याच्या दुकानाला टाळं लागतं. आणि यंत्र दुरुस्त होऊन आलं की झाडं मरतच राहतात. मग रांग जाते."

"आणि सांगितलं तर ह्यांची नोकरी जाते."

"हो."

लेकीने घडी पुरी केली. दुसरा कपडा घेतला. तो झटकला जरा जोरात.

"खोडापर्यंत कापा म्हणून कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"मी."

"मग तेही सांग. अर्धं सांगून येऊ नकोस."

सोमवारी साहेबांच्या खोलीत चष्मेवाला आधीच येऊन बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. मावशी जावयाला घेऊन आत गेली. वाटेत तिने त्याला सांगितलं होतं. त्याने मान खाली घातली होती, ती अजून वर आली नव्हती.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. कोंब, पट्टा, दोरी, आणि खोडापर्यंत कापायला सांगणारी आपण. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"परवापर्यंत चष्मेवाला. आज जावई. आणि तेही चूक तुमची, त्याची नाही. मधल्या दोन दिवसांत काय झालं, मावशी?"

"काय झालं म्हणजे?"

"ह्यांनी तुम्हाला नवा चष्मा वगैरे दिला की काय फुकट?"

चष्मेवाला खुर्चीत ताठ झाला. मावशीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आजवर तिने कितीजणांकडे अशा नजरेने बघितलं असेल याची गणती नव्हती, पण ती नजर कशी लागते हे तिला माहीत नव्हतं. तिखट लागत होती.

"चला रस्त्यावर," ती म्हणाली. "दाखवते."

दुरुस्त झालेलं यंत्र त्याच सकाळी आलं होतं. मावशीने रांगेतलं एक झाड निवडलं. अर्धी साल गेलेलं, पण वर हिरवं. त्याचं गवत तिने बाजूला केलं आणि शिल्लक असलेली जिवंत साल साहेबांना बोटाने दाखवली.

"जावईबापू, चालवा."

"मामी, जाईल हे झाड."

"चालवा म्हटलं ना."

त्या आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. त्याने यंत्र सुरू केलं आणि नेहमी नेतो तसं बुंध्याला लावलं. पापणी लवायच्या आत हिरवट साल उडाली, आणि आतलं पांढरं लाकूड ओलं होऊन चमकलं. जावयाने यंत्र बंद केलं. साहेब पहिल्यांदा गाडीतून उतरल्यासारखे खाली वाकले आणि पुढच्या झाडाचं गवत स्वतः उचलून बघितलं. मग त्याच्या पुढच्याचं.

"रांग राहू दे," शेवटी ते म्हणाले. "झाडापासून हातभर अंतरात यंत्र आणायचं नाही. तिथलं गवत हाताने काढायचं. जास्तीची माणसं मिळणार नाहीत. ह्यांना मी काढत नाही, पण यंत्र दुसऱ्याकडे जाईल. हे खुरपं धरतील. आणि मावशी, तुम्हीसुद्धा."

गाडी गेली. चष्मेवाला तिथेच होता.

"चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायला निघाला होतात," तो म्हणाला.

"चुकलं माझं."

"बरं झालं म्हणालात. मीही एक सांगतो. झाडं मी मारली नाहीत. पण ती मरत होती तेव्हा मला काही वाईट वाटत नव्हतं. पाटी दिसायला लागली होती."

मावशीला हे उत्तर पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला आंबूस वास नव्हता. तरी संन्यासी कशाला म्हणायचं स्वतःला, एवढं तिच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. वाळलेली खोडं मावशीने कोंबांच्या वर करवतीने कापली. दोन कोंबांतला जोमदार तो ठेवला, दुसरा नखाने खुडला, ठेवलेल्याला बारीक काठीचा आधार दिला. जावई पुढे बसून गवत उपटत होता आणि कोंब काठीला दोरीने बांधत होता.

"जावईबापू, दोरी आवळू नका. उद्या तीच रुतेल."

"ढिलीच आहे, मामी."

मावशी सरकत त्याच्याजवळ गेली. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर त्याने बांधलेल्या गाठीत करंगळी घालून बघितली, त्याने रचलेलं गवत उचलून खाली बघितलं. जावयाने तोंड जरा वाकडं केलं. तिने ते बघितलं, आणि खुरपं घेऊन पुढच्या झाडाशी जाऊन बसली.