खेकड्याचं बीळ आणि वसईचा वेढा

विमा कंपनीत चौतीस वर्षं लोकांच्या बनावट दाव्यांवर लाल शाई ओतून भालचंद्र तेरवणकर निवृत्त झाले, आणि मग त्यांनी स्वतःच रचायला घेतलं. फुलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सातला एका वाक्प्रचाराचा उगम येऊन पडे. उगम एकच, वसईच्या किल्ल्याचा वेढा. खाडीच्या चिखलात घोडदळ रुतलं, त्यावरून ‘काढता पाय घेणे’ आलं. तट चढताना शिपाई दमले, त्यावरून ‘हात टेकणे’. एवढं सगळं बोलून झाल्यावर लढायला वेळ कधी मिळाला, हे कोणी विचारलं नाही.

यंदा सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेची मधली दोन पानं भालचंद्रांना मिळाली, नाव-फोटोसकट. आजवर त्यांचं नाव छापून आलं होतं ते फक्त लग्नपत्रिकेत, आणि तिथेही चुकलं होतं. ही पानं त्यांना जिवापाड हवी होती. अकरा वाक्प्रचार तयार होते. बारावा, ‘पाणी मुरणे’, काही केल्या वेढ्यात बसेना.

गेटवर केळी आणि अळू विकायला वसईजवळच्या वाघोलीहून सुभद्राबाई येत. त्यांची पिढीजात वाडी. भालचंद्रांनी त्यांना विचारलं, “कुठेतरी पाणी मुरतंय, असं तुम्ही म्हणता का हो?”

“म्हणतो की. विहिरीचं पाणी पाटात सोडलंय आणि शेवटच्या केळीचं आळं कोरडं, तर दुसरं काय म्हणणार? मग पाटाच्या कडेनं पायानं चाचपत जायचं. कुठेतरी खेकड्यानं बीळ केलेलं असतं, त्यात सगळं मुरतं. चिखलाचा गोळा कोंबायचा, झालं.”

“पण हे पहिल्यांदा म्हणालं कोण?”

“ज्याच्या केळी सुकल्या तो. अळू देऊ का?”

भालचंद्रांनी अळू घेतलं आणि घरी येऊन हे जसंच्या तसं लिहून काढलं. सरदार नाही, तलवार नाही. उघडं पडल्यासारखं वाटलं खरं, पण वाचून पाहिलं तर बाकीचे अकरा एकाएकी फिके दिसायला लागले.

संध्याकाळी सचिव विनिताताई आणि अध्यक्ष प्रल्हादराव मजकूर न्यायला आले.

“छान आहे काका,” विनिताताई म्हणाल्या. “पण वेढा कुठाय?”

“वेढा नाही. खेकडा आहे.”

“मुखपृष्ठावर किल्ला आणि आत खेकडा? लोक म्हणतील, काकांचा अभ्यास कमी पडला.”

“भालचंद्रराव, नसेल जमत तर राहू दे,” प्रल्हादराव समजुतीनं म्हणाले. “आपल्या सोसायटीतल्या जितेशची मॉड्युलर किचनची जाहिरात तयारच आहे. दोन पानांत मस्त बसते.”

प्रश्न तत्त्वाचा असल्यामुळे भालचंद्रांनी पूर्ण अर्धा तास विचार केला. मग जेवणाच्या टेबलावर एक सरदार जन्माला आला. ऐन उन्हाळ्यात छावणीला पाणी पोचेना, म्हणून तो अनवाणी पाटाच्या कडेनं गेला आणि खेकड्याच्या बिळात स्वहस्ते चिखल कोंबता झाला. लेखात खेकडा तरी वाचला, असं भालचंद्रांनी स्वतःला सांगितलं.

स्मरणिका निघाली. नाव बरोबर छापलं होतं. एक प्रत त्यांनी सुभद्राबाईंनाही दिली. बाईंच्या सुनेनं, क्षितिजानं, ती घरात सगळ्यांना वाचून दाखवली.

चार दिवसांनी भालचंद्र खाली उतरले, तर सुभद्राबाई एका नव्या भाडेकरणीला सांगत होत्या, “घ्या ताई, सरदाराच्या वाडीची केळी आहेत. वेढ्याच्या वेळी तो आमच्याच पाटावर आला होता. आमच्या आजेसासऱ्यांच्या आजोबांनी त्याला चिखलाचा गोळा करून दिला.”

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?” भालचंद्रांनी विचारलं.

“पुस्तकात आलंय. आणि आमच्याकडे पहिल्यापासून म्हणतातच.”

 भालचंद्रांनी खिशातून वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं, ‘स्थानिक मौखिक परंपरेतूनही दुजोरा मिळतो.’ गोळा उजव्या हातानं दिला की डाव्या, तेवढं मात्र विचारून घेतलं.