टाके घातलेलं शेवटचं प्रकरण

शेवटाला उलटी फिरणारी एखादी कादंबरी सांगा, असं मला लोक अजून विचारतात. शाळेतल्या शिक्षिका विचारतात, नणंद विचारते, नवऱ्याच्या मित्रांच्या बायका विचारतात. पूर्वी चहा गार होईपर्यंत मी सांगत बसायचे. गोष्ट किती सांगायची आणि कुठे जीभ आवरायची, हे मला नेमकं जमायचं. आता दोन नावं सांगते आणि विषय बदलते. बाईला शिष्टपणा आला असं त्यांना वाटतं. वाटू दे.

ही आवड बाबांची. मोताळ्याला त्यांचं शिलाईचं दुकान. ब्लाउज शिवावा तर त्यांनीच, असं बायका म्हणायच्या. मशीनशेजारी कायम वाचनालयाचं पुस्तक पडलेलं असायचं. मला लहानपणापासून शेवटची पानं आधी बघायची खोड होती. त्यावर बाबांनी उपाय काढला. स्वतःचं वाचून झालं की ते शेवटचं प्रकरण सुईदोऱ्याने कच्चे टाके घालून बंद करायचे आणि मगच पुस्तक माझ्या हातात द्यायचे. टाक्यांपर्यंत पोचले की मी दुकानात जायचं आणि माझा अंदाज सांगायचा.

"बोल, कोन हाये?"

मी नाव सांगितलं की ते कात्री पुढे करायचे. बरोबर की चूक, ते चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाहीत. पानांना भोकं पडली म्हणून वाचनालयवाले कटकट करायचे. बाबा त्यांच्या पँटी फुकटात आखूड करून द्यायचे, मग ते गप्प बसायचे. आई या भानगडीत कधी पडली नाही. "बाप-लेकीले दुसरा धंदा नाही," एवढंच म्हणायची.

गेल्या वर्षी एका साखरपुड्याहून येताना मलकापूर रस्त्यावर आई-बाबांच्या स्कूटीला मागून गाडीने उडवलं. आई जागीच गेली. बाबांचा खुबा मोडला. त्यांना बेशुद्धच बुलढाण्याला आणलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, टाके निघेपर्यंत धक्का देऊ नका. मोठ्या काकांनी व्हरांड्यातच ठरवून टाकलं.

"तिले अकोल्याले हलवलं म्हणून सांगाचं. डोक्याले मार हाये, बोलता येत नाही. बस."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. भावाने अग्नी दिला होता, त्याचं मुंडण झालेलं, म्हणून त्याला वॉर्डात यायची बंदी. तो आईजवळ अकोल्याला आहे, असं सांगायचं. बाबांजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं.

मला रडू येत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तसं झालं होतं. कुणीतरी काहीतरी ओढतंय हे कळायचं, दुखायचं नाही. स्मशानातून भाऊ परत आला तेव्हा मी दवाखान्याच्या डब्यात वरणभात भरत होते.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "एखादं शेवटाले फिरणारं पुस्तक आन. वाचून दाखव."

वाचनालयाच्या कपाटापुढे मी इतकी कधी अडले नव्हते. ज्यात कुणाचं मरण कुणापासून लपवलेलं नाही, असं एक पुस्तक मला पाहिजे होतं. ते सापडेना. आयुष्यभर लोकांना हौसेने सुचवलेली पुस्तकं मी एकेक काढून परत ठेवली. प्रत्येकात कुणीतरी आधीच मेलेलं होतं आणि कुणाला तरी ते माहीत नव्हतं. शेवटी वाड्याच्या वाटणीवरची एक कादंबरी घेतली. तिच्यातही नवव्या प्रकरणात नायकाची बायको मरते. म्हटलं, तेवढं बदलून वाचू.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची सून आमच्या वाचनाला येऊन बसायची. ती गोष्टीत इतकी रमली की तिने पुस्तकाचं नाव लिहून घेतलं आणि अशी आणखी दोन सुचवा म्हणाली. नवव्या प्रकरणात मी त्या बायकोला जिवंत ठेवलं आणि माहेरी पाठवून दिलं. पुढच्या प्रत्येक पानावर तिचं नसणं सावरून घेताना मला घाम फुटला. ती सून काही सोडेना.

"मॅडम, थे बाई माहेरी जाऊन बसली, तं नवऱ्याले एक फोन काऊन लावत नाही?"

मी पान चाळत बसले. बाबा वर पंख्याकडे बघत होते.

"येईन फोन," ते म्हणाले. "तू वाच पुढं."

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा मी सवयीने विचारलं, "बोला बाबा, कोण?"

"आज नाही सांगत. राहू दे थे प्रकरण."

मी पुस्तक मिटलं आणि तसंच परत केलं. आईची चौकशी त्यांनी पहिले दोन दिवस केली, नंतर एकदाही केली नाही. इतक्या कादंबऱ्या कोळून प्यायलेल्या बाईला एवढी खूण कळायला हवी होती. मला कळली नाही. उलट मला बरं वाटलं, रोज एक खोटं कमी बोलावं लागायचं.

तेराव्या दिवशी घरी तेरवी झाली. आमच्याकडे त्या दिवशी मामा दुखवट्याचे कपडे आणतो आणि ते लगेच अंगावर घालावे लागतात. मामाने आणलेली साडी मी घडी मोडून नेसले, पंगती उठल्या आणि डबा घेऊन तशीच दुपारच्या बसने बुलढाण्याला आले. बदलायचं डोक्यातच आलं नाही.

बाबांनी मला पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

"साडी नवी हाये."

"हो, परवा घेतली."

"फॉल नाही, पिको नाही. घडी मोडली न् नेसली. बाई अशी साडी कवा नेसते, मले समजत नाही काय?" त्यांनी पदराचा काठ चिमटीत धरून पाहिला. "तेरवी होती आज?"

शिंप्याच्या घरात जन्मून मी ही चूक केली. मी मान हलवली.

"तुम्हाले कवापासून माहीत हाये?"

"दोन दिवसांत समजलं. पोरगं येऊन राह्यलं नाही, तुह्या केसाले तेल नाही. तुमी सारे एवढे झटून राह्यले होते, म्हटलं चालू द्या."

म्हणजे अकरा दिवस ते एकटेच होते, आणि मी त्यांच्या उशाशी बसून गोष्ट वाचत होते. मला स्वतःची लाज वाटली. वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

"तिले कोनती साडी नेसवली?"

"हिरवी."

"हिरव्या दोन होत्या. दोन्हीचे ब्लाउज म्या शिवले. कोनती?"

आईला साडी मीच नेसवली होती. ब्लाउजचे हूक मी लावले, निऱ्या मी घातल्या, पदर मी सारखा केला. बाकीच्या बायका नुसत्या भोवती उभ्या होत्या. बाबा माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. मी खूप आठवून पाहिलं. मला आठवलं नाही.